दारातलं 'या'

फौजेतून सुटल्यावर चोवीस वर्षं मी मुंबईतल्या एका जुन्या, बड्या हॉटेलच्या पुढच्या दारात उभा होतो. हॉटेलचं नाव लिहीत नाही. समुद्राकडे तोंड केलेली दगडी इमारत, तीन पायऱ्या, पितळी मुठींचं सागवानी दार आणि आत पाय टाकला की काळ्यापांढऱ्या फरश्यांचा चौक, एवढ्यावरून ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. त्या दारात लाल कोट, पांढरी विजार, फेटा आणि मिशा अशा थाटात जो इसम असायचा, तो मी. आमची शालन, म्हणजे आमचं कुटुंब, अजूनही कुणाला माझी ओळख करून देताना 'हे मुंबईला दारात असायचे' एवढंच सांगते. ऐकणाऱ्याला वाटतं, मी कुठल्या तरी देवळाबाहेर चपला सांभाळत होतो.

या चोवीस वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेला शब्द 'या'. आलेल्याला 'या' आणि निघालेल्यालाही 'या'. आपल्यात निघणाऱ्याला 'जा' म्हणत नाहीत आणि निघणाराही 'जातो' म्हणत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पण हाच शब्द मी एकदा नको त्या वेळी, नको त्या माणसाला म्हटला. ते निस्तरायला मला वीस वर्षं लागली. सांगायची आहे ती तीच हकिगत, पण आधी दाराची नोकरी काय असते ते सांगतो, नाहीतर माझा गुन्हा तुमच्या ध्यानात यायचा नाही.

नोकरी लागली ती मिशांमुळे. सोळा वर्षं पलटणीत काढून हवालदार म्हणून गावी आलो, तेव्हा आमच्याच भागातला एक जण त्या हॉटेलच्या लाँड्रीत होता. त्यानं निरोप पाठवला, 'दारावर उंच माणूस पाहिजे, मिशा असतील तशा घेऊन ये.' गेलो. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी मला एक प्रश्न विचारला नाही. बैलबाजारात बघतात तसं पुढून बघितलं, मागून बघितलं, चालायला लावलं आणि मग म्हणाले, "फेटा बांधता येतो?" मी म्हटलं, "साताऱ्याचा आहे." तेवढ्यावर काम झालं.

दार उघडणं हे काय काम, असं लोकांना वाटतं. गाडी थांबली की मागचं दार उजव्या हातानं उघडायचं आणि डावा हात चौकटीच्या वरच्या कडेवर धरायचा, म्हणजे उतरणाऱ्याचं डोकं आपटत नाही. पण हात धरलाय हे त्याला कळता कामा नये. माणसाच्या आधी त्याचा बूट बाहेर येतो. बुटावरून मला माणूस लांबून आलाय का, रागात आहे का, पहिल्यांदाच आलाय का, हे निम्मं कळायचं. आठ तास उभं राहायचं तर भार टाचेवर टाकायचा नाही, चवड्यावर ठेवायचा. गार्ड ड्यूटी केलेल्या माणसाला ते शिकवावं लागत नाही. मला शिकवावं लागलं ते सॅल्यूट विसरायला. पहिल्या दिवशी मी पलटणीतला सॅल्यूट ठोकला तेव्हा एका बाईंच्या हातातली पर्स खाली पडली होती.

इंग्रजीची तर गंमतच. पाहुणे निघाले की काय म्हणायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी मनातल्या मनात आपल्या 'या'चं इंग्रजी केलं आणि निघालेल्या एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईंना अदबीनं म्हटलं, "कम, मॅडम." बाई थांबल्या. पायरीवरून परत वर आल्या, आत गेल्या, काउंटरवर जाऊन विचारू लागल्या, मला कशाला बोलावलं? साहेबांनी मला आत घेऊन झापलं. म्हणाले, "गुडबाय म्हणायचं." मी म्हटलं, "साहेब, त्यात 'जा' येतं का?" त्यांना प्रश्नच कळला नाही. मग मी आपला मराठीतच 'या' म्हणू लागलो. गंमत अशी, की गोऱ्यांना वाटायचं मी त्यांच्याच भाषेत 'हो' म्हणतोय. तेही हसून 'या, या' करत गाडीत बसायचे. दरवर्षी येणारा एक जर्मन साहेब तर मला 'मिस्टर या' म्हणायचा. हळूहळू ते माझं नावच पडलं आणि मॅनेजर साहेबांनीही डोळेझाक केली.

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार आठवतात. निर्यातवाल्यांची बैठक होती, त्यासाठी हॉटेलात उतरले होते. माझ्याच उंचीचे, माझ्यासारख्याच मिशा, आणि वर गुलाबी फेटा. सकाळी ते आपल्या गाडीची वाट बघत दारात माझ्या शेजारी उभे राहिले. तेवढ्यात एक परदेशी जोडपं टॅक्सीतून उतरलं आणि त्यांनी दोन बॅगा थेट या पाहुण्यांच्या हातात दिल्या. मी धावलो, तर पाहुण्यांनी मला डोळा मारला. दोन्ही बॅगा उचलून ऐटीत आत गेले, काउंटरपाशी ठेवल्या, परत आले आणि मला म्हणाले, "गड्या, तुजी येक पाळी म्या केली. आता तू माज्या बागंत येऊन घड विरळायला लाग." पुढं ते जेव्हा जेव्हा यायचे, तेव्हा आधी माझ्याशी हात मिळवायचे आणि मग आत जायचे.

पण दाराचं एक कडू अंगही होतं. आत कुणाला सोडायचं आणि कुणाला नाही, हे दरवान ठरवतो. कागदावर तसं काही लिहिलेलं नसतं. चप्पल बघून, कापड बघून, चाल बघून तो ठरवतो, आणि बाहेरच्या माणसाला पत्ताही लागत नाही की आपला निकाल लागलाय. दुसरा नियम मात्र लेखी होता. नोकरमाणसांनी आणि त्यांच्या घरच्यांनी मागच्या गेटनं यायचं. जे दार मी रोज शेकडो वेळा उघडायचो, त्यातून मी स्वतः पाहुण्यासारखा कधी आत गेलो नाही. मागच्या गेटनं यायचं, तळघरात कपडे बदलायचे, आणि आतल्या बाजूनं येऊन दारात उभं राहायचं. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पलटणीतही ऑफिसर मेसला आम्ही मागूनच जायचो.

नोकरीचं पाचवं वर्ष असेल. शालन गावी असायची, दोन पोरं आणि माझी आई सांभाळून. मी लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत सात जणांत राहायचो. सुट्टी संपवून मी निघालो, की ती उंबऱ्यात उभी राहून म्हणायची, "या." मी म्हणायचो, "येतो." आमचा सगळा संसार म्हणाल तर या दोन शब्दांवर चालला. तिनं कधी रडारड केली नाही. एवढंच म्हणायची, "येक डाव तुमचं ते हाटेल बघायचं हाय मला. फोटोत निस्तं दारच दिसतंय."

त्या साली तिच्या आटपाडीच्या भावाचं डोळ्याचं ऑपरेशन मुंबईत झालं. ती त्याच्यासोबत आली. इस्पितळ आमच्या हॉटेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. ती हॉटेलकडे येईल याचा मला पत्ता नव्हता. दुपारी भाऊ झोपला तशी ही विचारत विचारत निघाली. हातात फडक्यात बांधलेली धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी.

नेमका त्याच दुपारी कुणी तरी फार मोठा परदेशी पाहुणा यायचा होता. पायऱ्यांवर लाल गालिचा, दोन्ही बाजूंना कुंड्या, मॅनेजर साहेब स्वतः माझ्यामागं उभे, दर मिनिटाला घड्याळ बघणारे. आणि मी बघतो तर समोरून फुटपाथवरून हिरव्या लुगड्यातली शालन येतेय, डोक्यावर पदर, पायात अंगठा शिवलेली चप्पल. मला बघून तिचा चेहरा असा उजळला, की तो आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मी लाल कोटात तिनं प्रत्यक्ष पहिल्यांदाच बघितलेला.

ती पायरीपाशी आली. 'मागच्या गेटला जा' असं म्हणावं तर साहेबांना कळणार, ही माझी बायको. ओळख द्यावी तर तेच. मी समोर बघत, तिच्याकडे न बघता, पाहुण्यांना म्हणायचो त्याच आवाजात म्हटलं, "या."

आता यातली मेख तुम्हाला कळली असेल. घरी मी तिला 'ये' म्हणतो. आमच्याकडचा कुठला नवरा बायकोला 'या' म्हणतो? परक्या माणसाला वाटेला लावताना 'या आता' म्हणतात, तसं ते 'या' होतं. निदान मी स्वतःला तसंच सांगत आलोय. पण तिनं ते तसं ऐकलं नाही. तिला वाटलं, एवढ्या थोरामोठ्यांत माझा नवरा मला मानानं आत बोलावतोय. तिनं पदर सावरला, पायऱ्या चढून वर गालिच्याच्या कडेला चप्पल काढून ठेवली आणि उजवा पाय उंबऱ्याच्या आत टाकला.

मी हात आडवा केला.

तिला स्पर्श केला नाही, फक्त पांढरा हातमोजा घातलेला हात तिच्यापुढं धरला, दुसऱ्या कुणालाही धरला असता तसा. तिनं हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. आत टाकलेला पाय मागं घेतला. खाली वाकून चप्पल पायात घातली. साहेबांनी विचारलं, "कोण आहे?" मी म्हटलं, "रस्ता चुकली वाटतं, साहेब." ते तिनं ऐकलं. मग ती माझ्याकडे न बघता हळू म्हणाली, "येते," आणि ते फडकं घेऊन आली तशी निघून गेली.

मी पळत मागं जायला हवं होतं. गेलो नाही. दहा मिनिटांत तो मोठा पाहुणा आला, मी त्याच्यासाठी दार उघडलं, त्याच्या डोक्यावर अलगद हात धरला. पाळी संपल्यावर इस्पितळात गेलो, तर तिनं भावासमोर मला धपाटी वाढली. चटणी काढून दिली. दारातला एक शब्द काढला नाही. ती चार शिव्या हासडती तर बरं झालं असतं.

त्यानंतर तिनं हॉटेल बघायचं नाव काढलं नाही. पोरं मोठी झाली, मुंबईला आली, एकदा मागच्या गेटनं येऊन कँटीनमध्ये जेवूनही गेली. ती आली नाही. कुणी म्हटलं, 'वहिनी, चला की हॉटेल बघायला,' तर हसून म्हणायची, "मला येकदा 'या' म्हनलंय की त्यांनी. फिटली हौस." समोरच्याला वाटायचं थट्टा आहे. मी पाणी प्यायला आत जायचो. गावी निघताना ती उंबऱ्यातून 'या' म्हणायची, ते मात्र एकदाही चुकवलं नाही. दर वेळी 'येतो' म्हणताना मला माझा तो पांढरा हातमोजा आठवायचा.

शेवटच्या काही वर्षांत हॉटेल बदललं. दाराशेजारी सामान तपासायचं यंत्र आलं, कुत्री आली. पाहुणे मान खाली घालून मोबाइलमध्ये बघत उतरू लागले, त्यांच्या डोक्यावर धरलेला हात त्यांना कळायचा प्रश्नच उरला नाही. वरून छापील वाक्यं आली, येणाऱ्याला अमुक इंग्रजी वाक्य, जाणाऱ्याला तमुक. माझा 'या' गेला. जर्मन साहेब आला होता, त्यानं छापील वाक्य ऐकून माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी आजारी आहे. पण अठ्ठावन्न पूर्ण व्हायला थोडेच महिने राहिले होते. मी मुकाट्यानं छापील वाक्यं म्हणत उभा राहिलो.

निरोपाच्या दिवशी शाल, नारळ आणि एक जाड पाकीट मिळालं. त्यात पत्र होतं, 'आपण उभयतांनी एक दिवस आमचे पाहुणे म्हणून राहावे, वर्षाच्या आत केव्हाही.' साताऱ्याला आल्यावर मी ते शालनच्या हातात दिलं. तिनं वाचलं, घडी घातली आणि कपाटात साड्यांखाली ठेवलं. दहा महिने ते तिथंच पडून राहिलं. आमच्या कॉलनीत घराआड एक निवृत्त फौजी. कुणी काश्मीर फिरून येई, कुणी केरळ. मी पाकिटाचा विषय काढला, की ती गॅसवरची भाजी हलवायला जायची.

एक दिवस मी सरळच बोललो. ती मेथी निवडत होती. समोर बसलो आणि म्हटलं, "शालन, त्या दिवशी माझं चुकलं. रस्ता चुकली म्हणालो तुला. मला माझी लाज वाटायला पाहिजे होती, आणि मला तुझी वाटली."

ती बराच वेळ काड्या वेगळ्या करत राहिली. मग म्हणाली, "वीस वर्सं लागली व्हय वं, येवढं म्हनायला?"

मी मेथीची एक जुडी ओढून निवडायला लागलो.

"येते," ती म्हणाली. "पर पुढल्या दारानं. आनि कुनी 'या' म्हनलं तरच पाय टाकीन. न्हाई तर तितनंच माघारी फिरंन."

गेलो. मुलानं टॅक्सी करून दिली. आता माझी अक्कल बघा. हॉटेल जवळ आलं तसं मी ड्रायव्हरला सवयीनं म्हटलं, "डावीकडनं घ्या, मागच्या गेटला." गेटवरचा जुना वॉचमन मला बघून हसायला लागला, "काका, आज तुम्ही पाहुणे ना?" मी शालनकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "चला आता, चालत चालत जाऊया. सवय हाय मला." आम्ही बॅग घेऊन पूर्ण इमारतीला वळसा घातला. तोच फुटपाथ होता.

दारावर नवा दरवान होता, गढवालकडचा, माझ्यासारखाच पेन्शनीत निघालेला फौजी. त्यानं अदबीनं दार उघडलं आणि छापील इंग्रजी वाक्य म्हटलं. शालन तीन पायऱ्या चढली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. मागं एक कुटुंब थांबलं. दरवानाला कळेना. त्यानं पुन्हा तेच वाक्य म्हटलं.

"ह्येला येत न्हाई," ती मला म्हणाली. "तुमी म्हना."

मी आत गेलो. त्या दारातून पुढून आत जायची माझीही ती पहिलीच वेळ. दरवानाला खूण केली, त्यानं जागा दिली. मी पितळी मूठ धरली, वळलो आणि म्हटलं, "ये, शालन."

तिनं मान हलवली. "न्हाई. 'या' म्हना. तवा म्हनलासा तसं."

मी तिच्या डोळ्यांत बघितलं आणि मोठ्यानं, सगळ्या चौकात ऐकू जाईल असं म्हटलं, "या."

तिनं खाली वाकून चप्पल काढायला घेतली. मी म्हटलं, "असू दे." मग तिनं चपलेसकट उजवा पाय आत टाकला. मी हात पुढं केला, तो या वेळी तिनं धरला. मागच्या कुटुंबातल्या बाई उगाच टाळ्या वाजवू लागल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मिशांत अडकलं, हे कबूल करायला हरकत नाही.

राहण्याबद्दल काय सांगू? आटपाडीसारख्या दुष्काळी मुलखातली लेक ती. न्हाणीघरातला तो लांबलचक टब बघून म्हणाली, "येवढ्या पान्यात आमचं आख्खं घर न्हायलं असतं." बादली मागितली, ती हॉटेलात नव्हती. शेवटी चूळ भरायच्या ग्लासनं पाणी घेत अंघोळ केली. गादी फार मऊ म्हणून खाली बसली आणि मग खिडकीपाशी खुर्ची ओढून अंधार पडेपर्यंत समुद्र बघत राहिली. सकाळी उठून तिनं पलंगावरची चादर स्वतः झटकून सरळ केली, टॉवेल घडी करून ठेवले. "झाडलोटीला येनाऱ्या पोरीला तेवढंच कमी," म्हणाली. न्याहारीला चाळीस पदार्थ मांडलेले. तिनं उपमा घेतला, एक घास खाल्ला आणि हळूच म्हणाली, "मीठ न्हाई." पण पानात काही टाकलं नाही.

निघायच्या वेळी काउंटरवर जुने लोक भेटले, मी बोलत राहिलो. चौकातल्या फरश्या, जिन्याचा कठडा, रजनीगंधा आणि मेणाच्या पॉलिशचा तो वास, सगळं पुन्हा एकदा बघावंसं वाटत होतं. माझा पाय निघेना. शालन पुढं गेली. गढवाली दरवानानं दार उघडलं, ती बाहेर पडली, पायरीवर उभी राहिली. टॅक्सी आली होती. मी अजून आतच, दाराच्या अलीकडं, जिथं चोवीस वर्षं उभा असायचो बरोबर त्या फरशीवर.

ती वळली. गावच्या उंबऱ्यात उभी राहायची तशीच, पदर सावरून. आणि जन्मभर मला वाटेला लावताना म्हणत आली तोच शब्द तिनं म्हटला.

"या."

माझ्या तोंडात सवयीनं 'येतो' आलं होतं. ते मी गिळलं.

"आलो," म्हटलं, आणि उंबरा ओलांडला.